तान्हा पोळा, चर्चच्या बेसमेंटमध्ये

सर, मी तुमच्या रविवारच्या मराठी वर्गातली. दुसरी रांग, हीटरशेजारची खुर्ची. तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. तुमच्याकडे मुलं गावावरून ओळखली जायची, आणि गावंसुद्धा त्यांची नाही, आईवडिलांची. ‘पुणे, पुढचं वाच.’ ‘सांगली, फळा पूस.’ ‘नागपूर, उभी राहा.’ मी नागपूर. माझा जन्म इथला, कॅनडातल्या सस्काटूनचा, आणि नागपूर मी तोपर्यंत एकदाच बघितलं होतं, तेही पोट बिघडून कूलरसमोर झोपून. आता तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली आणि मी युनिव्हर्सिटीत थर्ड इयरला आहे. लिहायचं कारण एकच. मी तुमच्यावर सूड उगवला. गेल्या रविवारी, त्याच चर्चच्या बेसमेंटमध्ये, तुमच्या फोटोसमोर. आणि फार छान झाला, सर. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं ना, मग मीच सांगते.

पहिल्यापासून सांगते, कारण तो दिवस तुम्हाला आठवतच नसणार. मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. तुमच्यासाठी तो एक साधा रविवार. मी दहा वर्षांची. सप्टेंबर, लेबर डेची सुट्टी नुकतीच झालेली, वर्गाचा पहिलाच दिवस. मधल्या सुट्टीचा खाऊ आणायची पाळी आळीपाळीने सगळ्या आयांची असायची, त्या दिवशी माझ्या आईची होती. आईने त्याआधी सगळ्या ब्लॉकमधून दुधाचे रिकामे जग गोळा केले होते, ते चार लिटरवाले, हँडलचे. जग आडवा केला की पोट होतं, झाकणाकडची बाजू तोंड होते. त्याला जुन्या मोज्यांची शिंगं, कागदाचे डोळे, गळ्यात मणी, खाली पुठ्ठ्याची चाकं. प्रत्येक मुलाला एक बैल. माझा मात्र खरा लाकडाचा. बाबा पोटॅश माइनमध्ये इंजिनियर, पण सुतारकाम त्यांना अजिबात येत नाही. त्यांनी डेकचं उरलेलं लाकूड कापून, माझ्या जुन्या स्ट्रोलरची चाकं लावून तो केला होता. बैल थोडा चकणा होता आणि सारखा डावीकडे वळायचा.

आईच्या माहेरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा मोठ्यांचा, खऱ्या बैलांचा. तान्हा पोळा मुलांचा, लाकडी बैलांचा. मुलं आपला बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. मी आईला विचारलं होतं, ‘सो इट्स हॅलोवीन विथ काऊज?’ आई म्हणाली, ‘हव ना बाप्पा. पन आपल्याले भुताचं तोंड नाई लावा लागत.’ मला ते इतकं आवडलं होतं, सर! म्हणजे एक असा सण जो माझ्या शाळेत कोणाकडे नाही, टीव्हीवर नाही, दुकानात ज्याचं काहीच मिळत नाही, आणि तो माझ्या आईला माहीत आहे.

वर चर्चच्या आज्यांचा बेक सेल चालला होता. आई आम्हाला सगळ्यांना रांगेत घेऊन वर गेली. आईचं इंग्लिश तेव्हा ग्रोसरीपुरतं. पण तिने त्या आज्यांना बिनधास्त सांगितलं, ‘टुडे बुल्स बर्थडे. यू गिव्ह समथिंग टु चिल्ड्रन.’ आणि त्यांनी दिलं! कुकीज, बटर टार्ट्स, एकीने आख्खा बनाना ब्रेड. एक आजी खाली वाकून माझ्या बैलाच्या नाकाला बोट लावते आणि मला विचारते, ‘डज ही बाइट?’ आई मागे उभी राहून इतकी हसतेय की तिच्या बांगड्या वाजतायत. हे चित्र मी कितीही वेळा आठवू शकते. ह्याच्या पुढचं चित्र तुमचं आहे.

आम्ही दणदण करत खाली आलो आणि जिन्याच्या पायथ्याशी तुम्ही. तो तपकिरी कोट, कोपरावर लेदरचे तुकडे, हातात फळ्यावर दाखवायला ठेवलेली गाडीची जुनी अँटेना. ती तुम्ही खटखट करून मिटवलीत. तुम्ही काही चिडलेले नव्हतात. चिडला असतात तर आई तुमच्याशी भांडली असती. तुम्ही हसत होतात.

‘वहिनी, हा काय गोंधळ?’

‘तान्हा पोळा आहे नं सर. पोट्टे बैल घेऊन फिरून राहिले. तुमी पन द्या काही बोजारा.’

‘हा मराठीचा वर्ग आहे, वहिनी. गुरांचा बाजार नाही.’

मागे दोनतीन बाबालोक हसले. तुमच्याकडे हसणारे नेहमी तयार असायचे. मग तुम्ही अगदी समजावून सांगितलंत की इथे आपण महाराष्ट्राची संस्कृती जपतो. गुढीपाडवा, गणपती, दिवाळी, संक्रांत. हे खेड्यातले प्रकार ज्याने त्याने घरी करावेत. आणि पोट्टे वगैरे शब्द मुलांच्या कानावर पडू नयेत, ती इथे शुद्ध बोलायला येतात. खेड्यातले! आईचं माहेर नागपूरच्या महाल भागात आहे, सर, भर शहरात, गर्दीने जीव जातो तिथे. पण आई हसतच होती, कारण तिला अजून वाटत होतं की तुम्ही गंमत करताय.

मग तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलंत. ‘नागपूर, आई आत्ता काय म्हणाली? म्हण बघू.’ मी म्हटलं. मुलं हसली. ‘आता नीट म्हण.’ बैलाची दोरी माझ्या हातात होती. मी म्हटलं, ‘मुलं बैल घेऊन फिरत आहेत.’ ‘शाब्बास!’ तुम्ही आईकडे वळलात. ‘बघा वहिनी, येतं तिला. घरी बिघडतं.’ मग आख्ख्या वर्गाकडून ते वाक्य घोकून घेतलंत, माझ्या मागून, आई समोर उभी असताना. आणि खिशातलं शाईचं पेन काढून मला दिलंत, शुद्ध बोलण्याचं बक्षीस. आईने हातातला खाऊचा डबा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. मुलीला बक्षीस मिळालं ना, मग टाळ्या वाजवायच्या. तुम्ही तिचं तोंड माझ्या तोंडाने बंद केलंत आणि तिच्याकडून टाळ्याही घेतल्यात. असं जमणं सोपं नाही, सर. मी तुम्हाला ह्याचं क्रेडिट देते.

त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, ‘कम. ईट.’ मला वाटलं काहीतरी खेळ आहे. दुसऱ्या दिवशी, ‘व्हेअर इज युअर लंच बॉक्स?’ तिसऱ्या दिवशी मी रडून सांगितलं, आई मराठीत बोल ना, तर म्हणाली, ‘सर इज टीचिंग यू गुड. आय विल स्पॉइल.’ बस. माझ्याशी मराठी बंद. बाबांशी ती बोलायची, स्वयंपाकघरात, हळू आवाजात, मी आत आले की फ्रिजची घरघर थांबते तसं ते थांबायचं. आणि इंग्लिशमध्ये माझी आई इतकी लहान होऊन गेली! मराठीत ती शेजारणीची नक्कल करायची, डॉक्टरला टोमणे मारायची, माझ्यावर असं रागवायची की राग संपेपर्यंत मलाच हसू यायचं. इंग्लिशमध्ये ती फक्त पोलाइट. तिला रागावताच यायचं नाही. ‘दिस इज नॉट गुड,’ म्हणायची आणि भांडी घासायला वळायची. मी टीनएजर होते तेव्हा मला रागावणारी आई हवी होती आणि माझ्याकडे एक पोलाइट बाई होती. तुम्ही इकडे रविवारी मला वाक्यं घोकायला लावत होतात.

तुम्ही गेलात ते फेब्रुवारीत. बाहेर मायनस फॉर्टी. मी तुमच्या फ्युनरलला आले होते, बाबांनी आणलं. सगळे म्हणत होते, असा माणूस पुन्हा होणार नाही. मी मनात म्हटलं, नकोच. आत गरम हॉलमध्ये शिरल्यावर माझा चष्मा धूसर झाला आणि एक काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, रडू नको गं. मी रडत नव्हते, सर. हे क्लिअर करायचं होतं.

आता माझ्या वेडाबद्दल. तुम्ही म्हणायचात सण चारच. म्हणून मी बाकीचे सगळे साजरे करायला लागले. जगात दर दिवशी काहीतरी असतं, तुम्हाला कल्पना नाही! पायरेटसारखं बोलायचा दिवस असतो. ड्रायरमध्ये हरवलेल्या मोज्यांचा दिवस असतो, त्या दिवशी मी आणि माझी रूममेट उरलेले एकेकटे मोजे दोरीवर टांगून दोन मिनिटं गप्प उभ्या राहतो. कपडे उलटे घालायचा दिवस असतो. ऑगस्टमध्ये शेजाऱ्याच्या पोर्चवर गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा दिवस असतो, आणि तो कोणी शोधला त्याला मी साष्टांग नमस्कार घालीन, कारण ऑगस्टमध्ये ह्या गावात प्रत्येकाच्या बॅकयार्डमध्ये झुकिनीचा पूर आलेला असतो. रूममेट शेतावरची मुलगी आहे, ती म्हणते, ‘यू आर सो वीअर्ड, कॅन वी डू द झुकिनी वन अगेन?’ लोकांना वाटतं मी बबली आहे. मला हे दिवस आवडतात त्याचं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. ह्या दिवसांना अध्यक्ष नसतो. ते चुकीचे साजरे करता येत नाहीत. कोणी जिन्याच्या पायथ्याशी उभं नसतं.

आणि प्रत्येक दिवस मी आईकडे घेऊन जायचे. हे मात्र खरं. पायरेटच्या दिवशी मी डोळ्याला पट्टी बांधून घरी गेले, म्हटलं आई, आज काहीही बोल, कसंही बोल, आज सगळं चालतं. आई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘यू डू. आय विल सी.’ झुकिनीच्या दिवशी म्हणाली, ‘डोन्ट. पीपल विल टॉक.’ मोज्यांच्या दिवशी तिने हरवलेल्या मोज्याची जोडी शोधून दिली. मला ती एकदा, फक्त एकदा, पूर्वीसारखी दणदण करत जिना उतरताना बघायची होती. एवढंच माझं मागणं होतं आणि ते दर वेळी तुमच्यापाशी येऊन अडायचं.

तर ह्या ऑगस्टमध्ये इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षकाकांचा फोन. रविवारचा वर्ग घ्यायला कोणी नाही, मुलं सगळी इंग्लिशमध्ये उत्तरं देतात, तू घेशील का? तुझं मराठी किती शुद्ध आहे, सरांची तू खरी विद्यार्थिनी. मी हो म्हटलं. मग काका म्हणाले, ‘आणि पहिल्या रविवारी सरांच्या स्मृतीसाठी मुलांचं छोटंसं काहीतरी बसव. सरांच्या मिसेस, आपल्या काकू, त्यांनाही बोलावलंय. शुद्ध, सात्त्विक असं.’

‘हो काका.’

‘काय बसवशील?’

‘पारंपरिक आहे काका. सरप्राइज.’

‘वा, वा!’

फोन ठेवल्यावर मी बाबांना तिथी विचारली. बाबांनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघितलं, पान उलटलं, परत बघितलं आणि म्हणाले, ‘तो रविवार तान्हा पोळ्याचा आहे.’ मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, ‘काय करतेयस तू?’ मी म्हटलं, ‘बाबा, करवत कुठाय?’

नागपूरला तान्हा पोळ्याच्या दिवशी अजून एक गोष्ट असते, जी आईने त्या वर्षी मुद्दाम आणली नव्हती, मुलं घाबरतील म्हणून. मारबत. मोठी बाई करतात, कागदाची आणि बांबूची, तिची मिरवणूक काढतात आणि वर्षभराचा जेवढा म्हणून त्रास आहे तो तिच्यावर घालून गावाबाहेर नेऊन जाळतात. लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत! तिच्याबरोबर बडगे असतात. बडगा म्हणजे ज्याच्यावर गावाचा राग आहे त्याचा पुतळा. सर, मी तुमचा बडगा केला. आमच्या बेसमेंट सुइटमध्ये, रूममेटच्या मदतीने. जुन्या कपड्यांच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये अगदी तस्सा कोट मिळाला, कोपरावर लेदरसकट, मी दुकानात आनंदाने ओरडले. आत ग्रोसरीच्या प्लास्टिकच्या पिशव्या भरल्या. हातात गाडीची अँटेना. रूममेटने विचारलं, ‘हू इज ही?’ म्हटलं, ‘माय टीचर.’ ती म्हणाली, ‘ऑ, दॅट्स स्वीट.’

आईला फोन केला. ‘आई, रविवारी ये. प्लीज.’ ‘आय हॅव लॉन्ड्री.’ ‘आई, तान्हा पोळा आहे.’ मागे वॉशिंग मशीनचं झाकण आपटलं. मग, ‘नो, नो. यू डू. आय विल सी फोटो.’ मी बाबांना म्हटलं, काहीही करा, तिला आणा.

तर रविवार. तोच हॉल, तोच कॉफीचा वास, पुढच्या भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो. पहिल्या रांगेत काकू, चाकांचा वॉकर शेजारी लावून. अध्यक्षकाकांनी भाषण केलं, सरांनी परक्या भूमीत मराठीचं रोपटं लावलं वगैरे. मग माझ्याकडे हात केला. मी दार उघडलं आणि मुलं आत आली. दुधाच्या जगचे बैल, सर! हँडलचे! मी सगळ्या कॅम्पसमधून जग जमवले होते. बैल आले, आणि त्यांच्यामागे चौघांनी धरलेली पिवळ्या क्रेप पेपरची मारबत, आणि तिच्यामागे रूममेटच्या हँड-ट्रकवर, म्हणजे सामान ढकलायच्या दोन चाकी गाडीवर, उभे केलेले तुम्ही.

‘घेऊन जा गे मारबत!’ मी ओरडले. मुलांना एवढंच शिकवलं होतं. त्याच्या आधी काय घालायचं ते ज्याचं त्याने. ‘मॅथ टेस्ट घेऊन जा गे मारबत!’ ‘मॉस्किटोज घेऊन जा गे मारबत!’ ‘मायनस फॉर्टी घेऊन जा गे मारबत!’ एक छोटी मुलगी ओरडली, ‘माय ब्रदर घेऊन जा गे मारबत!’ आणि आख्खा हॉल हसला. जी मुलं तालमीचे दोन आठवडे माझ्याशी एक शब्द मराठीत बोलायला तयार नव्हती, ती घसा फोडून ओरडत होती.

अध्यक्षकाका माझ्याजवळ आले. ‘अगं, हे... हा मागचा कोण?’

‘बडगा आहे काका. पारंपरिक.’

‘पण हा कोट...’

ते थांबले, कारण काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. वॉकर ढकलत त्या तुमच्यापर्यंत गेल्या, खालपासून वरपर्यंत बघितलं. मला एक क्षण वाटलं, झालं, आता मी ह्या गावात राहू शकत नाही. काकू म्हणाल्या, ‘कोट बरोबर आहे. पण हे इतके ताठ नव्हते गं, पाठ दुखायची त्यांची. फक्त लोकांसमोर ताठ.’ आणि जाऊन परत खुर्चीत बसल्या. कॉफी मागितली.

आणि तेव्हा मला मागच्या दारात आई दिसली. बाबा तिच्यामागे, तिला जाता येऊ नये म्हणून दारातच. तिच्या अंगात घरचं स्वेटर, केस नीट बांधलेले नाहीत, म्हणजे बाबांनी ग्रोसरीला म्हणून काढलं असणार. ती बैलांकडे बघत होती. मग तुमच्या पुतळ्याकडे. मग भिंतीवरच्या फोटोकडे. मी मुलांना गप्प केलं नाही. मीच बाजूला झाले.

आई पुढे आली. ‘सरका रे पोट्टे हो,’ ती म्हणाली. हळूच. मग तिने घसा साफ केला.

‘आमच्या बोलीले हासनारे घेऊन जा गे मारबत!’

आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

‘लेकरायसमोर मायचं तोंड बंद करनारे घेऊन जा गे मारबत! आमाले खेड्यातले म्हननारे घेऊन जा गे मारबत!’

आणि मग ती थांबेचना, सर. दहा वर्षांचं सगळं बाहेर आलं. हात वर करून, बांगड्या वाजवत, एकेक तक्रार, अशा वेगाने की मुलं मागून नुसतं ‘मारबत! मारबत!’ म्हणत होती. ती तुमच्या पुतळ्याच्या अगदी तोंडासमोर उभी होती, आणि ती हसत होती, आणि रागावत होती, दोन्ही एकाच वेळी, ती पूर्वी रागवायची तशी. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी तुमच्या फोटोकडे बघत होते. मला तुमचा चेहरा बघायचा होता. तो फोटो आहे, त्यात काही बदललं नाही, पण मी मुद्दाम बराच वेळ बघितलं.

तुम्हाला जाळता आलं नाही. चर्चमध्ये स्मोक अलार्म आहे आणि मागच्या गल्लीत फायर बॅन, म्हणजे काही पेटवायचं नाही. अध्यक्षकाका रडवेले होऊन म्हणत होते की चर्चवाले हॉल काढून घेतील. म्हणून आम्ही तुम्हाला वाजतगाजत जिना चढवून मागे नेलं आणि तिथे सॉर्ट केलं. कोट डोनेशनच्या डब्यात. पिशव्या ग्रोसरी स्टोअरच्या पिशव्यांच्या रिसायकलिंगला. अँटेना मेटलमध्ये. मारबत कागदात. ह्या देशात माणसावरचा रागसुद्धा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा लागतो, पण मजा तेवढीच येते, किंवा जास्तच, कारण वेळ लागतो. वरच्या चर्चच्या आज्या दारात येऊन बघत होत्या. आईने त्यांना सांगितलं, ‘टुडे बुल्स बर्थडे,’ आणि एक आजी आत जाऊन कुकीजचा डबा घेऊन आली.

इथे मी थांबायला हवं होतं. इथपर्यंत तुम्ही हरलात.

पण संध्याकाळी मी आईकडे गेले. आई तव्यासमोर उभी, पुरणपोळ्या करतेय. सणाच्या स्वयंपाकाला उशीर झालेला, कणीक सैल, पुरण बाहेर येतंय, आणि ती तव्याशी बोलतेय. मोठ्याने. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘भूक लागली का वं?’ मला! दहा वर्षांनी! मी खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले. ती बोलत राहिली, सकाळचं, अध्यक्षकाकांचं तोंड कसं झालं होतं, काकूंचं, लहानपणी तिच्या भावाने तिचा बैल कसा पळवला ते. आणि सर, मला अर्धं कळत नव्हतं. शब्द ओळखीचे वाटायचे आणि निसटायचे. तुम्ही शिकवलेल्या मराठीत ते नव्हतेच. मी मान हलवत होते, शाळेत फ्रेंचच्या तासाला हलवायचे तशी. तिने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघायला लागली. मी म्हटलं, ‘आई, मला नीट समजलं नाही. तू पुन्हा एकदा सांगतेस का?’

आई वळली. हातात उलथणं, गालाला पीठ. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता परत इंग्लिश.

‘कित्ती साफ बोलते वं तू,’ ती म्हणाली. ‘सरावानीच.’

अगदी सरांसारखी, म्हणजे तुमच्यासारखी. टोमणा नव्हता. ती खूश होती. तिने बाबांना हाक मारून सांगितलं, ‘आयका ना, पोरगी कशी बोलते ते.’ आणि मला पहिली पोळी वाढली, वर तुपाची धार. मग तीच गोष्ट तिने पुन्हा सांगितली, हळूहळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द वेगळा करून, तुम्ही वर्गात सांगायचात तशी.

हे पत्र मी कुठे पाठवणार? आईला वाचून दाखवणार नाही, कारण ती परत म्हणेल, किती साफ लिहिते. काकूंना देणार नाही, त्यांना सगळं आधीच माहीत आहे. लॅपटॉपवर राहील. पण एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण तुमच्याशिवाय ती कोणाला कळणारच नाही. आई ‘सरावानीच’ म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. अगदी एक सेकंद. शाब्बास मिळाल्यावर वाटतं तसं. बाकी सगळ्याचा सूड मी घेतलाय, सर. त्या एका सेकंदाचा कसा घ्यायचा ते मला अजून माहीत नाही.